पहिला चीक वासराचा

डोंबिवलीत दूधवाल्याने चीक आणला की घरात गूळ, वेलची, जायफळाची शोधाशोध सुरू होते. खरवस मलाही फार आवडतो. आज मात्र बोलायचंय ते चिकाच्या पहिल्या मानकऱ्याविषयी, म्हणजे वासराविषयी.

माणसाच्या बाळाला रोगाशी लढणारी प्रतिपिंडं आईच्या पोटात असतानाच वारेतून मिळतात. गाय, म्हैस, शेळी यांच्या वारेची बांधणी वेगळी. तिच्यातून प्रतिपिंडं पलीकडे जात नाहीत. म्हणून वासरू किंवा पारडू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात प्रतिपिंडं जवळजवळ नसतातच. ती आईच्या चिकात साठलेली असतात आणि आतड्यातून जशीच्या तशी रक्तात शिरतात ती फक्त सुरुवातीच्या तासांत. सहा तासांनंतर ही वाट झपाट्याने अरुंद होते, चोवीस तासांत बंद. मग कितीही चीक पाजा, तो नुसता पचतो, रक्तात उतरत नाही. वेळेत चीक न मिळालेलं वासरू हगवणीने, न्यूमोनियाने, बेंबीतून शिरलेल्या जंतूंनी दगावतं. वासरासाठी चिकाचं हे मोल थिओबाल्ड स्मिथ आणि राल्फ लिटल यांनी अमेरिकेत 1922 साली दाखवून दिलं होतं.

तरी आपल्याकडे ‘आधी वार पडू दे, मग पाजू’ म्हणणारे अजून आहेत. वार पडायला कधीकधी आठ-दहा तास लागतात, आणि वासराच्या कामाचे तास नेमके तेच! एक पैसा खर्च न करता टळणारं हे मरण आहे, म्हणून जास्त जिवाला लागतं. दुसरी अडचण धंद्याची. कल्याणच्या गोविंदवाडीसारख्या ठिकाणच्या तबेल्यांचा सारा धंदा म्हशीच्या दुधावर. अशा धंद्यात रेडकाला मोल नसतं, त्याच्या वाट्याचा चीक सहज विकला जाऊ शकतो.

तीस किलोच्या वासराला पहिल्या दिवशी साधारण तीन लिटर चीक हवा, त्यातला निम्मा पहिल्या दोन तासांत. उठता येत नसेल तर पिळून बाटलीने पाजावा. गार झालेला चीक कोमट पाण्यात भांडं ठेवून गरम करावा. उकळला की प्रतिपिंडं नष्ट होतात. उरलेला गोठवून ठेवला तर आई गेलेल्या वासराला उपयोगी पडतो.

खरवस जरूर खा. चीक तीन-चार दिवस येतो, वासराचं पोट भरून उरतोही. फक्त दूधवाल्याला विचारा, ‘वासराला पाजलात का?’ आणि पहिल्या दिवसाचा न घेता दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचा मागा.