शिद्दी, हबशी आणि सिंहासन
(उत्सवातील भाषणाचा संक्षेप)



मी मूळचा मुरुडजवळच्या राजपुरीचा. समोर जंजिरा. आजी सांगायची, "तो शिद्द्याचा किल्ला, महाराजांनाही मिळाला नाही." शिद्दी म्हणजे शत्रू, एवढेच मनावर ठसले.

गेल्या हिवाळ्यात ऑफिसातील बंगाली मित्रांबरोबर मालद्याजवळच्या गौडला गेलो. तिथला पाच मजली फिरोज मिनार सैफुद्दीन फिरोजशहा या हबशी सुलतानाचा, असे कळले. हबशी म्हणजे आपला शिद्दीच की! मी चकित झालो.

हबश म्हणजे आजचा इथिओपिया व आसपासचा मुलूख. तिथे राजाचा मान कुळावरून ठरे. तिथले सम्राट आपली वंशावळ थेट सॉलोमन राजा व शेबाची राणी यांच्यापर्यंत नेत. १९३० साली राज्याभिषेक झालेल्या हैले सेलासी यांनी १९३१ च्या राज्यघटनेतच ती परंपरा नोंदवली. १९७४ साली लष्कराने त्यांना पदच्युत केले आणि ते सिंहासन संपले.

त्याच बाजूची अनेक माणसे गुलाम म्हणून विकली जाऊन आपल्याकडे आली. त्यांची वंशावळ कोण विचारणार? तरी बंगालच्या गादीवर १४८७ ते १४९३ हबशी बसले. त्यात कट आणि खूनही झाले, हे लपवायचे कारण नाही. जंजिऱ्यात सुरुवातीला प्रमुखपद बापाकडून मुलाकडे न जाता आरमारातल्या कर्त्या सरदाराकडे जाई. ते संस्थान १९४८ पर्यंत टिकले. मलिक अंबर तर गुलामाचा निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. त्याने १६१० मध्ये खडकी वसवली, तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. १६२४ साली भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. म्हणजे शिद्दी सगळेच आपले शत्रू नव्हते. आजीने हे सांगितले नव्हते. तिला ठाऊकही नसेल.

परतताना एक मित्र हसत म्हणाला, "आमची आजी आम्हांला बर्गी आला म्हणून निजवायची." बर्गी म्हणजे १७४२ ते १७५१ या काळात बंगालवर चालून आलेल्या नागपूरकर भोसल्यांच्या फौजा, म्हणजे आपणच! मला उत्तर सुचेना. त्याच्या आजीचा बर्गी मी, माझ्या आजीचा शिद्दी तो मिनारवाला.

मंडळी, परमुलखात आल्यावर माणसाचे कूळ फार काळ कोणी विचारत नाही, त्याचे काम विचारतात. आपण कोलकात्यात आहोत. बर्गी ही आपली जुनी ओळख. नवी आपल्याच हाती आहे.

गणपती बाप्पा मोरया!