कर्जफेड आणि मोबाइलचा खर्च
(वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



शिक्षण, विवाह, वसतिगृह या विषयांवर आपण दरवर्षी बोलतो. कर्जाविषयी मात्र चारचौघांत कोणी चकार शब्द काढीत नाही. कर्ज झाकून ठेवल्याने अब्रू राहते असा आपला समज आहे. वस्तुतः झाकलेल्या कर्जाचे व्याज तेवढे वाढत राहते. त्या मोठ्या प्रश्नाची एक लहानशी बाजू, म्हणजे कर्ज फेडणाऱ्या घरातील मोबाइलचा खर्च, मी आज आपणापुढे मांडणार आहे.

घर कर्जात आले की, ‘आधी ते फोन बंद करा’ असे वडील मंडळी म्हणतात. हा उपाय योग्य नव्हे. कामाचे बोलावणे, बँकेचा ओटीपी, सावकारी संस्थेशी करावयाची बोलणी, सारे त्याच क्रमांकावर येते. बंद पडलेला क्रमांक कालांतराने दुसऱ्या ग्राहकास दिला जातो, आणि मग आपले निरोप परक्याच्या हाती पडण्याचे भय असते. म्हणून क्रमांक राखावा आणि खर्च उतरवावा, हेच धोरण इष्ट होय.

प्रथम वर्षाचा हिशेब मांडावा. २८ दिवसांचा रिचार्ज हा महिन्याचा खर्च नव्हे. वर्षात तो १३ वेळा करावा लागतो. समजा, तो ३०० रुपयांचा आहे आणि घरात चार फोन आहेत. आपण १४,४०० रुपये धरून चालतो. प्रत्यक्षात १५,६०० जातात. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२२ मध्ये, ३० दिवसांची आणि दरमहा त्याच तारखेस येणारी अशी किमान एकेक योजना ठेवण्यास कंपन्यांना भाग पाडले. पगारदार माणसास ती हिशेबाला सोयीची पडते. मात्र दिवसागणिक दर ताडून पाहावा. गावी असलेल्या आईवडिलांना इंटरनेट लागत नसेल, तर केवळ बोलणे व संदेश यांसाठीचे रिचार्ज मागावे. तसे देण्याचे बंधन त्याच प्राधिकरणाने डिसेंबर २०२४ मध्ये घातले आहे.

ज्यांच्याकडे महिन्याच्या बिलाचा, म्हणजे पोस्टपेड फोन आहे, त्यांनी बिल थकवून सिमकार्ड फेकून देऊ नये. तसे केल्याने करार संपत नाही. उलट धनकोंच्या यादीत एकाची भर पडते. थकबाकी चुकती करून तोच क्रमांक प्रीपेड करून घ्यावा. क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोयही जानेवारी २०११ पासून देशभर आहे. परंतु मुदत उलटलेले बिल बाकी असेल तर तो अर्ज फेटाळला जातो. बिल खात्यातून आपोआप वळते होत असल्यास त्याची तारीख कर्जाच्या हप्त्याशी गाठ घालीत नाही ना, हे पाहावे. शिल्लक अपुरी पडून हप्ता परत गेला, तर दंडाचा भुर्दंड वेगळाच बसतो.

तरुण बांधवांना एक स्पष्ट सांगतो. जुना फोन चालत असता हप्त्यावर नवा घेणे म्हणजे ऋण काढून सण करणे होय. ‘शून्य टक्के व्याज’ या शब्दांना भुलू नका; असे व्याज मुळी अस्तित्वातच नसते, असे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बजावले आहे. क्रेडिट कार्डाची बाकी दरमहा दरशेकडा ३ रुपयांनी वाढत असेल, तर ते वर्षाला शेकडा ३६ होतात, आणि चक्रवाढीने त्याहून अधिक. म्हणून फोनवर वाचलेला रुपया गल्ल्यात न ठेवता सर्वांत महागड्या कर्जात भरावा.

त्याच मोबाइलवर घटकाभरात कर्ज देणारी ॲपेही असतात. कर्ज देणाऱ्या ॲपने आपल्या परिचितांच्या क्रमांकांची यादी पाहू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावले आहे. जे ॲप ती यादी मागते, त्याच्या वाटेस जाऊ नये. नातलगांत बोभाटा होईल या भीतीने पहिले कर्ज फेडण्यासाठी दुसरे काढणारी माणसे आपल्यातही आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की, तो बोभाटा होण्यापूर्वी आपणच घरातील वडिलांना सांगावे.

आणि वडिलांनो, अशा वेळी दूषणे न देता वही-पेन्सिल घेऊन त्याच्याशेजारी बसावे. ज्ञातीचे ऋण फेडण्याचा याहून सोपा मार्ग मला दिसत नाही.