चाकं खरादाची, घोडा हाताचा

माझ्या घरी एक फडताळ आहे, त्यात फक्त घोडे आहेत. बांकुड्याचा लांब मानेचा मातीचा घोडा, सावंतवाडीच्या चितारआळीतला एक, शिवाय असेच चार-सहा. त्या तबेल्यात नुकताच एक नवा घोडा आला आहे, आणि सध्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला मी तोच दाखवतो.

हा घोडा काशीचा. वीतभर उंचीचा, पांढरा, पाठीवर लाल-पिवळी झूल, पायाखाली चार चाकं. तिथल्या गल्लीत घेतला आणि पंचगंगा घाटाच्या पायरीवर बसून कागदातून सोडवला. चाकं लखलखीत, बोटाला गुळगुळीत. अंगावर मात्र ब्रशाचे फटकारे स्पष्ट दिसत होते. एकाच खेळण्यावर दोन तऱ्हेचा रंग कसा?

त्याचं उत्तर खरादात, म्हणजे लाकूड कातायच्या यंत्रात, आहे. खोजवां आणि कश्मीरीगंज हे बनारसच्या लाकडी खेळण्यांचे मोहल्ले. तिथले कारागीर गोदावरी सिंह यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली. खरादावर लाकूड गरगर फिरतं, त्यावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळते आणि लाकडाला धरते. मग केवड्याचं पान घासून तिला चकाकी आणतात. डबी, भोवरा, सिंदूरदाणी, चाक हे सारं असं होतं. पण खरादावर गोल तेवढंच उतरतं. घोडा कुठे गोल असतो? त्याची मान हातानंच कोरावी लागते आणि रंगही हातानंच भरावा लागतो.

पाय तर वेगळे करून बसवलेले. सांधा नखाला लागतो. मला आधी ती उणीव वाटली, पण ते शहाणपण आहे. धड आणि पाय एकाच तुकड्यातून कोरले, तर धडातले लाकडाचे आडवे तंतू पायातही आडवेच येतात आणि पाय काडकन मोडतो. वेगळ्या पायात ते उभे ठेवता येतात. पूर्वी हे काम कोरैयाच्या, म्हणजे आपल्या कुड्याच्या लाकडात चाले. आता निलगिरी वापरतात. तिच्या कठीण लाकडात इतकी नाजूक मान काढणाऱ्याचा हात मला फार मोठा वाटतो.

त्या दिवशी घोडा घाटाच्या पायरीवर ठेवला आणि मान वर केली, तर समोर अहिल्याबाई होळकरांचा दगडी दीपस्तंभ. त्याला तिथे हजारा म्हणतात. अंगभर दिव्यांच्या जागा असलेला तो खांब पाहून मराठी माणसाला जेजुरीच्या दीपमाळा आठवणारच. होळकरांचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा आणि खंडोबा घोड्यावरचा देव. आमच्या देवघरातल्या टाकावर तो तसाच बसलेला आहे. त्या घटकेला माझ्या फडताळातला हा नवखा मला घरचाच वाटला.

काशीला गेलात तर गंगेचा गडू आणाच, पण एखादा लाकडी घोडाही आणा. घेताना तो सपाट दगडावर ठेवून पाहा, चारही चाकं टेकतात का. पायाचा सांधा दिसला तर नाक मुरडू नका. आणि भाव करताना त्या कोरलेल्या मानेकडे एकदा नीट बघा.