घरावरील ऊन आणि सरकारी अनुदान

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आम्ही जन्मभर मास्तरकी केली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तथापि घरावरील सौर विजेच्या अनुदानाविषयी दोन शब्द सांगावेत असा कार्यवाहांचा आग्रह झाला. या कामी आम्हांस जो अनुभव आला तो आपल्या पुष्कळ कुटुंबांस उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून उभे राहिलो आहोत.

रथसप्तमीस आपल्या घरोघरी अंगणात गोवऱ्यांवर दूध उतू घालवितात. सूर्याच्या उपकारांचे ते स्मरण होय. तोच सूर्य आता गच्चीवर वीज उत्पन्न करून देतो व त्या कामी सरकार हातभार लावते. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'पंतप्रधान सूर्यघर मोफत वीज योजना' जाहीर झाली. १ कोटी घरांसाठी ७५,०२१ कोटी रुपयांची ही योजना असून तिची मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत ठरविली गेली.

अनुदानाचा हिशेब सोपा आहे. पहिल्या दोन किलोवॅटांस प्रत्येकी ३०,००० रुपये व तिसऱ्यास १८,०००, एकूण ७८,०००. त्यापुढे संच मोठा केला तरी अनुदान वाढत नाही. एका किलोवॅटास सुमारे १०० चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते, आणि चांगल्या उन्हात दिवसाकाठी सुमारे ४ युनिटे मिळतात, पावसाळ्यात कमी. दिवसा उरलेली वीज कंपनीच्या तारांत जाते, रात्री आपण घेतो, आणि मीटर वाण्याच्या वहीप्रमाणे जमा व नावे दोन्ही मांडते. सदनिकाधारकांनीही निराश होऊ नये. गृहसंस्थेच्या सामाईक दिव्यांसाठी व पंपांसाठी किलोवॅटमागे १८,००० रुपयांची सोय आहे.

परंतु दोन अडचणी आहेत. पहिली कागदाची. अर्ज वीजबिलावरील नावाने करावयाचा असतो. आमच्या घराचे बिल तीर्थरूपांच्या नावे होते, आणि त्यांस जाऊन एकोणीस वर्षे झाली होती! नाव बदलण्यास धाकट्या बंधूंची संमती हवी, आणि वाटणीच्या वादापासून अकरा वर्षे आमचे बोलणे नव्हते. शेवटी आम्ही त्यांच्या दारी गेलो. त्यांनी एकच विचारले, "दादा, गच्ची दोघांची, मग ऊन एकट्याचे कसे?" आम्हांस उत्तर सुचेना. त्याच दिवशी गच्चीची मोजणी केली. पूर्वेकडील भाग त्यांचा, पश्चिमेकडील आमचा, असे कागदावर लिहिले आणि दोघांनी सह्या केल्या. वडील गेल्यावर लगेच जे करावयास हवे होते, ते अनुदानाच्या निमित्ताने झाले. त्यांच्या घरचा चहा त्या दिवशी अकरा वर्षांनी घेतला.

दुसरी अडचण पैशाची. अनुदान आधी मिळत नाही. संच बसून, मीटर लागून, तपासणी झाल्यावर ते बँकेच्या खात्यात जमा होते. सरकारी हिशेबात पहिल्या दोन किलोवॅटांचा खर्च प्रत्येकी ५०,००० रुपये धरलेला आहे. म्हणजे ६०,००० रुपयांच्या साहाय्यासाठी आधी लाखाची तजवीज हवी. बँका या कामी तारणावाचून कर्ज देतात हे खरे. पण एकट्या विधवा भगिनीस बँकेची पायरी चढणेही जड जाते. ज्याच्या गाठी पैसा आहे तोच साहाय्य घेईल, आणि ज्यास विजेचे बिल खरोखर जाचते तो मागे राहील.

म्हणून मंडळापुढे आमच्या दोन विनंत्या आहेत. ज्या घरांची बिले अद्याप दिवंगतांच्या नावे आहेत त्यांची यादी करून, दोन जाणत्या तरुणांनी त्यांची कागदपत्रे पुरी करून द्यावीत. तसेच शिक्षणनिधीप्रमाणे एक फिरता निधी उभारावा. ६ लाख रुपये जमले तर दहा कुटुंबांस प्रत्येकी ६०,००० देता येतील. अनुदान येताच ती रक्कम परत यावी व पुढील दहांस मिळावी. या निधीस आमचे पहिले ५,००० रुपये आजच कोषाध्यक्षांच्या हाती देत आहोत.

ज्ञातिबांधवहो, आज घरी गेल्यावर विजेचे बिल काढून त्यावर कोणाचे नाव आहे ते अवश्य पाहावे. इतके बोलून आम्ही आपली रजा घेतो.