दवाखान्याचा प्रश्नही जमिनीचाच प्रश्न आहे

(ग्रामसभा प्रतिनिधींच्या शिबिरात केलेलं भाषण. ज्या पाड्यांवरून कोणी येऊ शकलं नाही, तिथे हे बैठकीत मोठ्याने वाचावं.)



आम्ही जव्हार-मोखाड्याकडच्या पाड्यांतली पोरं. बारावीपर्यंत शिकलो आणि संघटनेच्या कामाला लागलो. आम्ही काही डॉक्टर नाही. पण कोरोनाच्या लाटांमध्ये आम्ही डोली उचलली, वीटभट्टीवरून पायी आलेल्या माणसांना चौदा दिवस शाळेत ठेवलं, त्यांना भाकर पोचवली. त्यातून जे शिकलो ते आज सांगतो. आता जो तो म्हणतो, कोरोना गेला, सोडा तो विषय. पण आपण सोडला तर पुढच्या साथीत पुन्हा आपलीच माणसं जातील.

विसरल्यावर काय होतं, हे आपल्या भागाला कोणी शिकवायला नको. 1992-93 साली जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला शंभराहून जास्त बालकं कुपोषणाने आणि आजाराने गेली. तेव्हा मंत्री आले, गाड्या आल्या, योजना जाहीर झाल्या. आमचा तेव्हा जन्मही नव्हता. पण आज आम्ही मोठे झालो, तरी पावसाळ्यात अडलेली बाई डोलीतूनच न्यावी लागते.

दुसऱ्या लाटेतली, म्हणजे 2021 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या पाड्यातल्या एका आजीला चार दिवस ताप होता. घरच्यांनी सांगितलंच नाही. भीती अशी, की दवाखान्यात नेलं की माणूस परत येत नाही. पाचव्या दिवशी धाप लागली. आशाताईने बोटाला मशीन लावलं, तर आकडा 82. तो 94 च्या खाली आला की लगेच न्यायचं असतं, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. गाडी पाड्यावर येत नाही म्हणून डोली केली. अर्धा डोंगर चढलो तेव्हा रेंज आली आणि 108 ला फोन लागला. ज्या दवाखान्यात नेलं तिथे खाट नव्हती, पुढे पाठवलं. आजी वाटेतच गेली.

कागदावर लिहिलं, कोरोना. पण आम्ही त्या रात्री बसून हिशेब केला. चार दिवस भीतीत गेले. दोन तास रस्ता नाही म्हणून गेले. एक तास रेंज नाही म्हणून गेला. मग खाट नाही. यातलं कोरोनाने किती केलं, आणि रस्ता नसल्याने किती? रोग बाहेरून आला होता. बाकी सगळं आधीपासून इथेच होतं.

त्यानंतर पाड्यात बैठक घेतली. भगतालाही बोलावलं. त्याच्याशी भांडलो नाही. म्हटलं, बाबा, तू तुझं कर, पण ताप तिसऱ्या दिवशी उतरला नाही तर आशाताईकडे पाठव. तो हो म्हणाला. लसीचंही तसंच. लस घेतली की माणूस मरतो, असं सगळे म्हणत होते. वरून आलेल्या साहेबाचं कोणी ऐकलं नाही. भगताने आणि दोन म्हाताऱ्यांनी सगळ्यांसमोर टोचून घेतली, तेव्हा लाईन लागली. लोक अडाणी आहेत असं साहेब म्हणतात. लोक अडाणी नाहीत. ज्यांनी आजवर फसवलं त्यांच्यावर ते विश्वास ठेवत नाहीत, एवढंच.

मे 2021 मध्ये 18 वर्षांवरच्यांची लस सुरू झाली, पण नंबर मोबाईलवर लावायचा. आपल्याकडे रेंज नाही. मग शहरातली पोरं गाड्या घेऊन आपल्या केंद्रावर आली आणि लस घेऊन गेली. त्यांचा दोष नाही. पण नियम करताना आपल्याला कोणी विचारलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट. कोरोनाच्या नादात बाकीचे आजार थांबले नव्हते. टीबीच्या गोळ्या चुकल्या, बाळांच्या लसी चुकल्या, सिकलसेलची तपासणी राहिली. साप चावला तरी दवाखान्यात जायला माणूस घाबरत होता. पुढच्या साथीत हे चालू राहिलं पाहिजे, ही आपली मागणी आहे.

मग त्या दिवसांत आपल्याला वाचवलं कशाने? ज्याचा वनपट्टा झाला होता, त्याच्या कणगीत भात होता. ज्याच्याकडे जमीन नव्हती, तो भट्टीवरून रिकाम्या हाताने आला. त्याला जंगलाने कंद दिले, रानभाजी दिली, मोह दिला. म्हणून आम्ही म्हणतो, वनहक्काचा दावा हा तब्येतीचाही दावा आहे. पोट भरलेलं असेल तर माणूस आजाराशी झुंजतो.

दवाखाना का नाही, रस्ता का नाही, असं विचारलं की उत्तर येतं, फॉरेस्टची जागा आहे. हे उत्तर आता ऐकून घ्यायचं नाही. 2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 3(2) वाचा. दवाखाना, अंगणवाडी, शाळा, रस्ता, पाण्याची लाईन, वीज आणि फोनची लाईन अशा तेरा कामांसाठी एक हेक्टरच्या आतली वनजमीन देता येते. हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. म्हणजे किल्ली आपल्याच हातात आहे. सरकारचा नियमही सांगतो, की आदिवासी डोंगरी भागात 3 हजार लोकांमागे एक उपकेंद्र आणि 20 हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावं. आपल्या गटातली माणसं मोजा आणि किती कमी आहे ते लिहून काढा.

आता घरी जाऊन करायची कामं सांगतो.

एक. पाड्याची वही करा. कोण गरोदर, कोणाला टीबी, कोणाला सिकलसेल, कोण एकटं म्हातारं, कोण कुठल्या भट्टीवर गेलंय आणि मुकादमाचा फोन काय. आजाराचं पान आशाताईकडेच राहू द्या, चावडीवर वाचू नका.

दोन. गावाच्या आरोग्य, पोषण व स्वच्छता समितीला निधी येतो. समितीत कोण आहे, पासबुक कोणाकडे आहे, हे पुढच्या ग्रामसभेत विचारा. पेसाच्या पाच टक्के निधीतूनही आरोग्यावर खर्च करता येतो. त्यातून ऑक्सिजन मोजायचं मशीन, थर्मामीटर आणि चांगली डोली घ्या.

तीन. डोलीची पाळी ठरवा. रेंज कुठे मिळते तिथे खूण करा, आणि रात्री फोनला कोण पळणार ते नक्की करा.

चार. कलम 3(2) चा ठराव करा. जागा दाखवा, नकाशा काढा, आणि ठरावाची पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका.

पाच. सुगीला घरटी थोडा भात बाजूला काढा. साथ आली, कामं बंद झाली, तर तो ज्याला पट्टा नाही त्याच्यासाठी.

आशाताईंबद्दलही बोललं पाहिजे. साथीत घरोघर त्या फिरल्या, आणि 2021 च्या जूनमध्ये मोबदल्यासाठी त्यांनाच संप करावा लागला. त्या आपल्याच लेकी-सुना आहेत. त्यांच्या मागणीला आपला पाठिंबा ग्रामसभेच्या ठरावात लिहा.

पुढची साथ कधी येईल ते आपल्या हातात नाही. पण तेव्हा गाडी पाड्यापर्यंत येईल की पुन्हा अर्ध्या डोंगरावर रेंज शोधावी लागेल, ते या वर्षीच्या ठरावावर आहे. त्या आजीची नात आज इथे बसली आहे. आमच्या पाड्याची वही तीच लिहिते.

जोहार! जिंदाबाद!