निगेटिव्ह फेकू नका



कालपासून माझ्या गळ्यातला कॅमेरा पाहून बऱ्याच जणांनी विचारलं, ‘काहून वं, मोबाइल नाही काय तुह्याजवळ?’ आहे ना! सॉफ्टवेअरवरच माझं पोट चालतं. तरी गेली काही वर्षं मी पुन्हा रोलचा कॅमेरा वापरते. का, ते थोडक्यात सांगते.

आपल्या लहानपणी धारणीत कॅमेरा मोजक्या घरांत. कोणाच्या तरी मामाकडे हॉट शॉट असायचा. एका रोलमध्ये ३६ फोटो, तेवढ्यात लग्न, बारसं आणि पोळा बसवायचा. रोल धुवायला परतवाड्याला किंवा अमरावतीला जाणाऱ्याच्या हाती द्यायचा आणि वाट पाहायची. आज पुन्हा ३६ च फोटो हाताशी असले की मी बटण दाबण्याआधी समोरच्या माणसाकडे नीट पाहते. मला परत मिळालेली पहिली गोष्ट ही.

दुसरी गोष्ट रसायनाची. सिल्व्हर ब्रोमाइडवर प्रकाशाचा परिणाम होतो, हे आपण शाळेत शिकलो. कृष्णधवल फिल्म म्हणजे तेच. प्रकाश पडला तिथल्या क्षाराची डेव्हलपर काळी चांदी करतो, उरलेला क्षार हायपो विरघळवून टाकतो. घरी अंधारात रोल धुऊन पहिली पट्टी उजेडात धरली, तेव्हा विज्ञानाच्या सरांची आठवण आली.

कोडॅकमधल्या स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये डिजिटल कॅमेरा बनवला आणि २०१२ मध्ये त्याच कोडॅकवर दिवाळखोरीचा अर्ज करायची वेळ आली. आपल्याकडे उटीचा सरकारी कारखाना ‘इंदू’ फिल्म बनवायचा, तोही बंद झाला. पण कोडॅकने बंद केलेली एक्टाक्रोम फिल्म २०१८ मध्ये परत आली, आणि २०२४ मध्ये पेंटॅक्सने रोलचा नवा कॅमेरा बाजारात आणला. म्हणजे माझ्यासारखे वेडे जगात बरेच आहेत.

पण मला खरं बोलायचंय ते वेगळंच. आपला एक वर्गमित्र मागच्या वर्षी गेला. त्याच्या मुलीने बाबांचा शाळेतला फोटो मागितला. ग्रुपवर आला तो पिवळ्या पडलेल्या प्रिंटचा मोबाइलने काढलेला फोटो, त्यात चेहरा नुसता डाग. मग एका मैत्रिणीच्या आईच्या कपाटात, साड्यांखाली, स्नेहसंमेलनाच्या निगेटिव्ह सापडल्या. मी त्या स्कॅन केल्या. खिशाला पेन, तेल लावून बसवलेले केस, डोळे मिटून हसणारा आपला मित्र स्पष्ट दिसला. मुलगी म्हणाली, ‘बाबा असे हसायचे, हे मला माहीतच नव्हतं.’

फाइल वाचायला यंत्र लागतं, प्रोग्राम लागतो, पासवर्ड लागतो आणि दर काही वर्षांनी तिची नवी प्रत करावी लागते. निगेटिव्ह खिडकीशी धरली की दिसते. पण तिच्यावर बुरशी चढते, आणि आपल्या मेळघाटचा पाऊस तर तुम्हाला ठाऊकच आहे. आमच्या धंद्यात म्हणतात, ज्याची एकच प्रत आहे ते नाहीच असं समजा. म्हणून मी डिजिटलच्या विरोधात नाही. आपल्याच तालुक्यातलं हरिसाल २०१६ मध्ये डिजिटल गाव म्हणून गाजलं. ते तंत्र या कामाला लावू या.

घरी गेल्यावर एवढं करा. जुन्या अल्बमच्या मागच्या कप्प्यात, ट्रंकेत, स्टुडिओच्या पाकिटांत निगेटिव्ह शोधा. पट्टी फक्त कडेने धरा. चिकटणाऱ्या प्लॅस्टिकमधून काढून कागदी पाकिटात, कोरड्या डब्यात ठेवा. पाकिटावर आधीच पेन्सिलने वर्ष आणि नावं लिहा, कारण नावं सांगणारी माणसंही कमी होत चालली आहेत. स्कॅनर नसेल तर माझ्याकडे द्या, स्कॅन करून मूळ पट्ट्या परत देईन.

आपल्या सरांचे, मॅडमचे, शाळेच्या जुन्या इमारतीचे आणि आज इथे नसलेल्या मित्रांचे चेहरे कोणाच्या तरी कपाटात असतील. पुढच्या पावसाळ्याआधी ते बाहेर काढू या.