एका रकान्यात एकच गोष्ट

शिरूर आणि दौंड तालुक्यांतला बराचसा हिशोब आता वहीतून संगणकावर आणि मोबाइलवर आला आहे. दूध संकलन केंद्र, महिला बचत गट, शेतकरी गट, सगळीकडे कुणीतरी ताई किंवा दादा एक्सेलचं शीट सांभाळत असतात. आज मी त्या शीटच्या पहिल्या ओळीबद्दल बोलणार आहे. त्या ओळीत रकान्यांची नावं असतात. ती घाईत कशीही लिहिली जातात, आणि पुढचे सगळे घोटाळे तिथूनच सुरू होतात.

आपल्या भागाला रकान्यांचं महत्त्व फार महागात कळलेलं आहे. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातल्या करडे गावानं सावकारावर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजाराच्या दिवशी लोक सावकारांवर चालून गेले. त्यांची कर्जखतं आणि रोखे जाळले. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आणि आजचा दौंडचा मुलूखही त्याच भीमथडीत मोडत असे. कापसाचे भाव पडले होते, शेतसारा वाढला होता. कारणं अनेक होती. पण राग निघाला तो कागदांवर. कर्ज थकलं की व्याज मुद्दलात मिळवायचं आणि नवा रोखा लिहून घ्यायचा, अशी रीत होती. दोन-चार वेळा रोखा बदलला की कुळानं हातात घेतलेली रक्कम किती आणि वर चढलेलं व्याज किती, हे त्या कागदावरून उमगत नसे. आकडा एकच, आणि त्याच्या पोटात दोन वेगळ्या गोष्टी.

पुढे १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. न्यायालयानं मुद्दलाचा हिशोब वेगळा मांडावा, व्याजाचा वेगळा. मुद्दलात मिळवलेलं जुनं व्याज मुद्दल म्हणून धरू नये, असं त्यात स्पष्ट लिहिलं. पैसे भरल्याची पावती आणि मागितल्यास वर्षाचा हिशोब मिळण्याचा हक्कही त्यानं शेतकऱ्याला दिला. एका रकान्याचे दोन रकाने करा, हे सांगायला कायदा करावा लागला. त्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९७९ मध्ये, अमेरिकेत डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी तयार केलेला व्हिजिकॅल्क नावाचा प्रोग्रॅम बाजारात आला. आजची एक्सेल शीटं त्याच घराण्यातली. यंत्र नवं आलं, नियम जुनाच राहिला: एका रकान्यात एकच गोष्ट.

हा नियम आपल्या रोजच्या हिशोबात कसा लावायचा ते पाहू.

कांद्याची पट्टी घ्या. रकान्याला नाव दिलं ‘माल’ आणि खाली लिहिलं ‘१२ गोणी’. माणसाला ते वाचता येतं, पण बेरीज लावली की यंत्र हा मजकूर गाळून पुढे जातं आणि चूक झाल्याचं सांगतही नाही. त्याऐवजी ‘गोणी (नग)’, ‘वजन (क्विंटल)’, ‘दर (रुपये प्रति क्विंटल)’ असे तीन रकाने करा आणि खाली फक्त आकडे भरा. हमाली, तोलाई, भाडं यांनाही प्रत्येकी स्वतंत्र रकाना द्या. ‘खर्च’ म्हणून एकत्र लिहिलं, तर कोणती कपात वाढली हे हंगाम संपल्यावर कळणार नाही.

जमिनीच्या मापात तर याहून मोठी चूक होते. एक एकर पाच गुंठे हे कुणी १.५ असं लिहितं. एकराला चाळीस गुंठे, म्हणून यंत्राच्या लेखी ते एक एकर वीस गुंठे होतात. एक हेक्टर पाच आर हे १.०५ असतं, तिथे १.५ लिहिलं तर पंचेचाळीस आर, म्हणजे एका एकराहून जास्त जमीन कागदावर वाढते. एकर आणि गुंठे वेगळ्या रकान्यांत लिहा, आणि एकक नावातच असू द्या.

एखाद्या खान्यात ७/१२ टाइप करून पाहा. यंत्र त्याची तारीख करून टाकतं. गट नंबर आणि हिस्सा १२/१ असा लिहिला तरी तेच होतं. म्हणून गट एका रकान्यात, हिस्सा दुसऱ्यात. एकत्रच लिहायचं असेल, तर आकडे भरण्याआधी त्या रकान्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ करून घ्या.

आता गावांची नावं. शिरूर तालुक्यात रांजणगाव गणपती आहे आणि रांजणगाव सांडसही आहे. आलेगाव दौंडमध्ये आहे आणि आलेगाव पागा शिरूरमध्ये. नुसतं ‘रांजणगाव’ किंवा ‘आलेगाव’ लिहिलं तर कुणाचा हिशोब कुणाच्या नावावर जाईल, सांगता येत नाही. गाव आणि तालुका हे दोन रकाने ठेवा. गावाचं नाव प्रत्येक वेळी एकाच पद्धतीनं लिहा. एकदा न्हावरे आणि एकदा न्हावरा लिहिलं, तर यंत्राला ती दोन गावं वाटतात.

आणखी तीन गोष्टी थोडक्यात सांगतो. पहिला रकाना अनुक्रमांकाचा ठेवा, म्हणजे ओळींचा मूळ क्रम परत लावता येतो. नावं क्रमानं लावताना एकच रकाना निवडला, तर नावं हलतात आणि रकमा जागेवरच राहतात; म्हणून नेहमी सगळं शीट निवडूनच क्रम लावा. आणि महिन्याची बेरीज मधल्या ओळीत लिहू नका. ती वर्षाच्या बेरजेत पुन्हा मोजली जाते.

बचत गटाच्या हिशोबाबद्दल माझं मागणं मात्र आग्रहाचं आहे. ‘हप्ता’ असा एकच रकाना ठेवू नका. ‘मुद्दल परत’, ‘व्याज’, ‘बचत’ आणि ‘दंड’ असे चार रकाने करा. आपण भरलेल्या पैशातून कर्ज किती फिटलं, हे गटातल्या प्रत्येक बाईला स्वतःच्या डोळ्यांनी दिसलं पाहिजे. तिला वाचता येत नसेल, तर बैठकीत तो आकडा मोठ्यानं वाचून दाखवा.

आज रात्री आपलं शीट उघडा आणि फक्त पहिली ओळ वाचा. प्रत्येक नावापुढे विचारा: यात एकच गोष्ट आहे का, आणि ती कोणत्या मापात आहे? उत्तर मिळालं नाही, तर उद्याची पहिली नोंद करण्याआधी तो रकाना सुधारा.